जॉन बाप्टिस्टाचा पोरगा

“जन्मसिद्ध हक्काची ती घोषणा टिळकांच्या तोंडी आमच्या उत्तनच्या माणसानं घातली, समजलं मास्तर?” आंटींनी कुंपणापलीकडून जाहीर केलं. हात बोंबलाच्या टोपलीत, नजर मास्तरांवर.

मास्तर पुण्याचे नाहीत, पण टिळकांचा विषय निघाला की मनानं सदाशिव पेठेत राहायला जातात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “उत्तनचा कोण म्हणे?”

“जॉन बाप्टिस्टाचा पोरगा.”

हे अशा सुरात, की जॉन बाप्टिस्टा आत्ताच पालीच्या बंदरावर मासळी उतरवून घरी जेवायला गेला असावा.

आमच्या डोंगरीत तीन घरांची कुंपणं एका कोपऱ्यात भेटतात. तिथल्या चार विटा कुणीतरी कधीतरी काढल्या आणि परत लावल्या नाहीत. त्या भोकातून कढीपत्ता, तळलेले फुगे, वाटीभर कालवण, वर्तमानपत्र आणि बातम्या यांची ये-जा चालते. भाईंदर स्टेशनाकडे टॉवर उगवले, तिकडे लोक शेजाऱ्याला लिफ्टमध्ये भेटतात. इकडे उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या बाजूला अजून कुंपण आहे, आणि कुंपण आहे तोवर आम्हाला दुसरी करमणूक लागत नाही.

“तुम्ही जोसेफ बाप्टिस्टा म्हणताय. काका बाप्टिस्टा,” मास्तर म्हणाले. “तो माझगावचा, आंटी. माथारपाखाडीचा. 17 मार्च 1864 चा जन्म.”

“जन्म माझगावचा असेल. बाप उत्तनचा. पोरगा कुठला मग?”

यावर मास्तरांना उत्तर सुचेना. त्यांच्या स्वतःच्या आधार कार्डावर भाईंदर आहे आणि ते स्वतःला राजापूरचे म्हणवतात.

आंटींचं म्हणणं खरं आहे, हे मला मधे पडून सांगावं लागलं. बाप्टिस्टांच्या चरित्राच्या टिपणांत वडील जॉन बाप्टिस्टा हे भाईंदरजवळच्या उत्तनचे, असंच येतं. जॉननं उत्तन का सोडलं, ते कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण माझगावला तेव्हा गोदी होती, काम होतं, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखी बोलणारी, आपल्यासारखं लुगडं नेसणारी माणसं होती. माथारपाखाडी म्हणजे मुंबईच्या पोटात जपून ठेवलेलं गाव. लाकडी जिने, पुढं आलेल्या गॅलऱ्या, कौलारू घरं; अजूनही थोडी शिल्लक आहेत, बिल्डरच्या नजरेखाली.

“आणि गेला कसा असेल?” आंटी. “होडीनंच. तेव्हा कुठली तुमची विरार फास्ट.”

हेही चुकीचं नाही. गुजरातेतून येणारी रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली ती 1864 च्या अखेरीला. पोरगा मार्चमध्येच जन्मला होता. म्हणजे जॉन माझगावला गेला तो या गाडीच्या आधी. आज सकाळी भाईंदरहून चर्चगेटच्या लोकलमध्ये घुसताना ज्यांच्या शर्टाची बटणं जातात, त्यांनी जॉनचा हेवा करायला हरकत नाही.

“शिकला कुठं?” मला आंटींची परीक्षा घ्यायची होती.

“सेंट मेरीज, माझगाव. मग पुण्याला.”

“इंजिनिअरिंग कॉलेजात,” मास्तरांनी पुस्ती जोडली. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान पसरलं. शेवटी माणूस पुण्यात शिकला होता तर. “आणि मग विलायतेला. केंब्रिज. फिट्झविल्यम.”

इथं मास्तर जरा रेंगाळले, आणि त्यांनी रेंगाळावं असंच ते प्रकरण आहे. केंब्रिजमध्ये मोठमोठ्या कॉलेजांत राहायचं म्हणजे श्रीमंतांचं काम. ज्यांना ती फी, ते खाणं-पिणं, तो थाट परवडत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी 1869 मध्ये एक सोय झाली: कुठल्याही कॉलेजचं सभासद न होता विद्यापीठाची पदवी घ्यायची. त्याचंच पुढं फिट्झविल्यम. उत्तनच्या माणसाचा मुलगा तिथं राज्यशास्त्र शिकला, आणि बॅरिस्टरही झाला. इंजिनिअर होऊन पुन्हा पहिल्यापासून वकिली शिकायला बसणं, तेही तिशीच्या पुढं, ही गोष्ट त्या काळी घरच्यांना कशी पटवली असेल कोण जाणे. आज कुणी नोकरीत असताना ‘यूपीएससी करतो’ म्हणाला तरी सासरकडचे फोन सुरू होतात.

“त्या वेळी इंग्लंडात आयर्लंडचा वाद पेटला होता,” मास्तर पुढं झाले. “आयर्लंडला होमरूल द्यायचं की नाही. ग्लॅडस्टननं 1893 ला बिल आणलं, कॉमन्समध्ये पास झालं, लॉर्ड्सनी उडवलं. बाप्टिस्टा गेला तेव्हा ही चर्चा तिथल्या हवेत होती. पोरगं बघत असणार, की राजा एकच, पण घरचा कारभार घरच्यांनी करायचा, असं मागता येतं. कायद्यात बसवून मागता येतं.”

“आयरिश तर कॅथलिक,” आंटी म्हणाल्या. “आमचेच.”

एवढ्या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, ते सांगायला इतिहासकार चार पानं घेतात.

टिळकांची आणि बाप्टिस्टांची गाठ 1901 ला पडली. इथून मास्तर आणि आंटी यांची युती झाली, कारण दोघांनाही हा भाग आवडतो. मला मात्र त्यातलं कोर्ट जास्त आवडतं. 1908 सालचं.

खुदीराम बोसांच्या मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून टिळकांना 24 जूनला सरदारगृहातून पकडलं. जामिनाचा अर्ज जिनांनी चालवला. न्यायमूर्ती कोण? दिनशा दावर. मास्तरांनी कुंपणावर हात आपटला. “हेच दावर 1897 ला टिळकांचे वकील होते! तेव्हा त्यांनी न्यायमूर्ती तय्यबजींसमोर टिळकांसाठी जामीन मागितला, आणि मिळवला. अकरा वर्षांनी खुर्चीवर बसले आणि त्याच टिळकांना जामीन नाकारला.”

“माणूस बदलतो, मास्तर. आमच्याकडे लग्नानंतर बदलतो, तुमच्याकडे खुर्चीनंतर,” आंटी.

पण त्याच कोर्टात आणखी एक वाद झाला. सरकारी वकिलांनी खास ज्युरी मागितली. खास ज्युरी म्हणजे यादीतल्या धनिक, प्रतिष्ठित लोकांतून निवडलेली, आणि त्या यादीत गोरे जास्त. बाप्टिस्टा टिळकांच्या वतीनं उभे राहिले आणि त्यांनी विरोध केला. लेख मराठीत, आरोप मराठी शब्दांवरून, आणि निकाल देणार ते ज्यांना मराठी येत नाही! हा मुद्दा ऐकून घेतला गेला आणि फेटाळला गेला. नऊ जणांची ज्युरी बसली: सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, एकवीस तासांहून जास्त बोलले. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, आणि वर हजार रुपये दंड. 22 जुलैच्या रात्री हा निकाल लागला आणि मुंबईतल्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस बाहेर राहिले. एका वर्षाला एक दिवस, असं लोक तेव्हापासून म्हणत आलेत.

मला इथं थांबून सांगावंसं वाटतं, की टिळकांचं ते भाषण सगळ्यांना माहीत आहे, त्याआधीची ज्युरीची लढाई कुणाला माहीत नाही. वकिलाचं खरं काम तिथं होतं. निकाल भाषणानं लागला नाही, तो त्या नऊ खुर्च्यांवर कोण बसणार यानंच लागला होता, आणि बाप्टिस्टांनी बरोबर त्या जागी हात घातला होता. हरले, हा भाग वेगळा.

“मग सावरकर,” मास्तर.

“हो, तेही,” मी म्हटलं. “1910. नाशिक कटाचा खटला. मार्सेलिसला बोटीतून उडी मारून परत पकडून आणलेले सावरकर, आणि समोर हायकोर्टाचे तीन न्यायाधीश, ज्युरीच नाही. मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, एन. जी. चंदावरकर आणि हीटन. वकिलांत बाप्टिस्टा, चित्रे, गाडगीळ, रांगणेकर.”

“आणि सावरकरांनी कोर्टाच्या कामात भागच घ्यायचं नाकारलं!”

“म्हणजे अशील म्हणतं, मी खेळत नाही, आणि वकिलानं मात्र सामना खेळायचा,” आंटी हसल्या. “बिचारा.”

बोंबील दोन-दोन घेऊन त्यांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दांडीवर टांगायची, हे काम आंटींचे हात न बघता करतात. दोरी नाही, खिळा नाही. त्या माशाचे दात एवढे बारीक आणि वाकडे की एकमेकांना धरून बसतात. आमच्याकडे पाहुणे येतात, त्यांना वास येतो. हे कुणी बघत नाही.

मध्येच त्यांना आठवलं. “अगो बाय, नातीचं विसरलेच. न्यू जर्सीवाली. शाळेत प्रोजेक्ट दिलंय, अमेरिकेतला जुन्यातला जुना वकील, जो पुढारीपण झाला. मला फोन करते, नाना, कुणावर लिहू?” ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या ख्रिस्ती घरातली आजी, तिला नात ‘नाना’ म्हणते; मास्तरांना आधी वाटलं घरात कुणी वडीलधारे पुरुष आहेत.

“जॉन अ‍ॅडम्सवर लिहू दे,” मी म्हटलं. “तो वकीलच. 1770 मध्ये बॉस्टनला इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या घातल्या, पाच माणसं मेली. सगळं गाव शिपायांना फाशी द्या म्हणत होतं आणि अ‍ॅडम्सनं त्यांचं वकीलपत्र घेतलं. कप्तान सुटला, बहुतेक शिपाई सुटले. पुढं हाच माणूस स्वातंत्र्याच्या लढ्यात पहिल्या फळीत आणि शेवटी देशाचा दुसरा अध्यक्ष. त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर छपन्न सह्या आहेत, त्यात जवळपास निम्मे वकील.”

“म्हणजे आपल्यासारखंच की,” मास्तर म्हणाले. “टिळक कायदा शिकलेले, गांधी बॅरिस्टर, जिना बॅरिस्टर, नेहरू बॅरिस्टर, तेलंग, मंडलिक, फिरोजशहा…”

“आपल्यासारखं अर्धं,” मी म्हटलं. “अ‍ॅडम्सनं लोकांच्या रागापुढं उभं राहून सरकारच्या माणसांना वाचवलं. बाप्टिस्टांनी सरकारच्या रागापुढं उभं राहून लोकांच्या माणसांना वाचवायचा प्रयत्न केला, आणि तोही सरकारच्याच कोर्टात. अ‍ॅडम्सच्या ज्युरीत निदान त्याची भाषा कळणारे होते.”

“मग मी नातीला सांगते, अ‍ॅडम्सचं नाव वर घाल आणि खाली उत्तनचा बाप्टिस्टा लिही.”

“मार्क कापतील, आंटी.”

“कापू दे. अमेरिकेत मार्क असेही वाटेल तसे देतात.”

आता त्या घोषणेकडं यायला हवं होतं, कारण मास्तरांनी मगाचा चष्मा अजून डोळ्यांवर घेतला नव्हता. ती शिक्षा भोगून मंडालेहून 1914 च्या जूनमध्ये टिळक सुटले. दोन वर्षांनी, 1916 च्या एप्रिलअखेर बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. खुद्द टिळकांनी एकही पद घेतलं नाही. अ‍ॅनी बेझंटबाईंची लीग त्यानंतर, सप्टेंबरात.

“टिळकांनी पद का नाही घेतलं?” आंटी.

“सरकारचं लक्ष होतं. त्याच वर्षी जुलैत, साठी साजरी होत असताना, त्यांच्यावर नोटीस आली: वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका द्या, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. भाषणं कशाची तर होमरूलची. हायकोर्टात जिनांनी ते उडवून लावलं, नोव्हेंबरात.”

“म्हणजे पुढं कोण उभा केला? आमचा.” आंटी बोंबील ठेवून सरळ उभ्या राहिल्या. “किरिस्तांव बॅरिस्टर. कुणाला म्हणता येईल का मग, की हे फक्त पुण्याच्या भटांचं आहे?”

मास्तर खाकरले. ते जातीनं त्याच गोटातले आहेत, आणि आंटींना ते माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मास्तरांनाही माहीत आहे. शेजार चाळीस वर्षांचा असला की असल्या वाक्यांची धार जाते.

पण आंटींचा मुद्दा टिळकांच्या डोक्यात नसेल असं मला वाटत नाही. 1916 साल हे टिळकांनी माणसं जोडायचं साल होतं. डिसेंबरात लखनौला मुस्लिम लीगशीही करार झाला. अशा वेळी होमरूल लीगच्या डोक्यावर उत्तनच्या मुळाचा, केंब्रिजचा, कायद्यात मुरलेला कॅथलिक माणूस ठेवणं यात हिशेब होता. बाप्टिस्टांना तो हिशेब कळत नव्हता असं समजायचं कारण नाही. आयर्लंडवरून होमरूलचं जे खूळ त्यांनी आणलं होतं, त्याला इथं घर मिळालं. वर्षभरात लीगचे चौदा हजारांवर सभासद झाले. 1917 ला बाप्टिस्टा लीगचं म्हणणं घेऊन इंग्लंडला गेले, तिथल्या मजूर पक्षाच्या लोकांशी सलगी केली.

आणि गंमत बघा. साष्टी-वसई-मुंबईच्या या कोकणी किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मंडळींनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं ते 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात. गोव्याकडून, मंगळूरकडून येणाऱ्या ख्रिस्त्यांपेक्षा आम्ही वेगळे, आम्ही कंपनी सरकारची पहिल्यापासूनची माणसं, हे नोकरीच्या बाजारात दिसावं म्हणून. कंपनीचं नाव अंगावर घेतलेल्या त्याच समाजातून एकोणतीस वर्षांनी होमरूल लीगचा अध्यक्ष निघाला.

“आता सांगा,” आंटी मास्तरांकडे वळल्या. “घोषणा कुणाची?”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर आणला. “बाप्टिस्टांनी ती सुचवली असं लिहिणारे आहेत. केळकरांचं नाव घेणारेही भेटतील. पण भरसभेत म्हटली टिळकांनी. ज्याच्या तोंडून लोकांनी ऐकली, त्याची.”

“लग्न लावलं भटजीनं, म्हणून नवरी भटजीची?”

मी इतकी हसले की हातातला कढीपत्ता खाली पडला. तरी माझं मत मास्तरांच्या बाजूला झुकतं, आणि तेही आंटींच्याच हितासाठी. घोषणेचा दावा लावून धरला की बाप्टिस्टा टिळकांच्या सावलीतच राहणार: टिळकांना एक वाक्य देणारा माणूस, बस. मग ज्युरीचा वाद कोण सांगणार? नाशिकचा खटला? आणि 1920 नंतरचं सगळं?

कारण खरी करामत तर पुढंच आहे. 1920 साल उजाडलं तेव्हा बाप्टिस्टा आणि त्यांचे सोबती नवीन पक्ष काढायच्या खटपटीत होते, आणि त्यासाठी मुंबईतून एक इंग्रजी दैनिक काढायचं होतं. संपादक कोण? बाप्टिस्टांनी पत्र पाठवलं थेट पाँडिचेरीला, अरविंद घोषांना. ते तेव्हा फ्रेंचांच्या हद्दीत योगसाधनेत. 5 जानेवारी 1920 चं अरविंदांचं नम्र नकाराचं उत्तर प्रसिद्ध आहे. परत यायला अजून वेळ आहे, असा त्याचा सूर.

“म्हणजे नोकरीची ऑफर दिली आणि त्यांनी ध्यानाचं कारण सांगितलं,” आंटी. “माझा थोरला पण असंच करतो. फक्त ध्यान करत नाही.”

त्याच वर्षी 1 ऑगस्टला टिळक गेले. तिथून बाप्टिस्टांच्या पायाखालची जमीन सरकली. गांधीजींचा असहकार त्यांना पटला नाही. शाळा सोडा, कौन्सिलं सोडा, कोर्टं सोडा! ज्यानं आयुष्यभर कोर्टातून, कौन्सिलातून, सभेतून हक्क मागायचं शिकवलं, त्याला कुणी सांगायचं की आता कोर्टाकडं पाठ कर. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसनं गांधींचाच मार्ग धरला, आणि टिळकांच्या मंडळींतले बरेच जण एकतर त्या मार्गानं गेले किंवा कडेला उभे राहिले. बाप्टिस्टा कडेला राहिले, पण हात बांधून नाही. ते आधीच कामगारांकडे वळले होते.

31 ऑक्टोबर 1920 ला मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, जन्मली. अध्यक्ष लाला लजपतराय. स्वागताध्यक्ष आणि उपाध्यक्ष बाप्टिस्टा. दुसरं अधिवेशन 1921 ला झरियाला भरलं, आताच्या झारखंडमधल्या कोळशाच्या खाणींच्या मधोमध, आणि त्याचे अध्यक्ष बाप्टिस्टाच. खाणमालकांना ते अधिवेशन अजिबात नको होतं. खाणकामगार मात्र हजारोंनी आले. 1924 ला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते जिनिव्हाला, आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला.

“आणि मेयर कधी झाला?” आंटींचा हा दुसरा अभिमानाचा मुद्दा.

“1925,” मी म्हटलं.

“मेयर नव्हे, अध्यक्ष,” मास्तरांनी चूक पकडली आणि त्यांचा चेहरा उजळला. “मुंबई म्युनिसिपालिटीच्या प्रमुखाला तेव्हा प्रेसिडेंट म्हणत. ‘मेयर’ हे नाव 1931 पासून आलं. बाप्टिस्टा 1930 च्या सप्टेंबरातच गेले.”

“म्हणजे आमच्या माणसाला एका वर्षानं चुकलं.”

“नावच चुकलं, आंटी. खुर्ची तीच.”

“खुर्ची काय, बसायला. नाव सांगायला लागतं.”

यावर मला मीरा-भाईंदर महापालिकेची आठवण झाली. ही महापालिका झाली 2002 साली, तोवर आमची नगरपालिका होती. आमच्याकडे चौकांना, रस्त्यांना, बागांना नावं देण्याची हौस दांडगी आहे आणि नावं कमी पडतात असं ऐकते. धारावी किल्ला आहे चौकला, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेची ती खूण, तिथं लोक आवर्जून जातात. मग ज्याच्या बापाचं गाव उत्तन, तो मुंबईचा पहिला नागरिक झाला होता, हे भाईंदर स्टेशनावर उतरणाऱ्या किती जणांना माहीत असेल? माझगावनं निदान आपलं केलं: डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या वरच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. पायाखाली पाण्याचा जलाशय, समोर गोदी आणि जहाजं. तिथं सकाळी चालायला येणारे म्हातारे वजन उतरवतात आणि नावाची पाटी न वाचता घरी जातात.

“विसरले का पण लोक?” आंटींचा प्रश्न आला तो त्या क्षणी थट्टेचा नव्हता.

मास्तरांनी आपलं कारण सांगितलं: टिळकांच्या माणसांना नंतर इतिहासात जागा कमी मिळाली. मी माझं सांगितलं: हा माणूस कुणाच्याच पूर्ण मालकीचा नव्हता. काँग्रेसवाल्यांना तो असहकाराचा विरोधक वाटला. हिंदुत्ववाल्यांना सावरकरांचा वकील म्हणून चालला असता, पण त्याचं आडनाव मधे आलं. लाल बावट्याच्या लोकांना तो फार मवाळ वाटला. ख्रिस्ती समाजाला त्या काळी तो टिळकांचा माणूस म्हणून जरा जास्तच जहाल वाटला असणार. प्रत्येकाच्या यादीत तो दुसऱ्या पानावर.

“आणि उत्तनवाल्यांना?” आंटी.

“उत्तनवाल्यांना तुम्ही आहात की.”

“मी काय, बोंबील सुकवते. चर्चच्या जुन्या वहीत जॉन बाप्टिस्टा मिळतो का, ते फादरना विचारायला पाहिजे कुणीतरी. नुसतं कुंपणावर बोलून काय होतंय?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ‘कुणीतरी’ कोण ते ठरलं.

मी विषय लाल बावट्याकडे वळवला. डावे त्यांना मवाळ का म्हणत, ते सांगायचं राहिलं होतं. आयटकच्या पहिल्याच अधिवेशनात बाप्टिस्टांनी मांडलेली कल्पना अशी: कामगार हा काही मजुरी विकणारा नाही आणि मालक हा ती विकत घेणारा नाही. दोघं धंद्यातले भागीदार आहेत, तर नातं भागीदारीचं असावं. संप, वर्गलढा, मालकशाही उलथवा असं बोलणाऱ्यांना हे अर्थातच पचलं नाही. पुढच्या काळात कम्युनिस्ट लेखकांनी या कल्पनेची टर उडवली. मला स्वतःलाही ती जरा भाबडी वाटते. 1920 च्या परळच्या गिरणीत, दहा-दहा तास उभं राहणाऱ्या माणसाला तू भागीदार आहेस असं सांगायला धाडस हवं किंवा चांगली प्रॅक्टिस हवी. बॅरिस्टरकडे दोन्ही होतं.

“भाबडी कशाला?” आंटी भडकल्या. “होडीवर असंच असतं. डोल लावून मासळी आली की पहिला होडीचा वाटा, मग जाळ्याचा वाटा, मग तांडेलाचा, मग एकेका खलाशाचा. पगार नाही. मासळी आली तर सगळ्यांना, नाही आली तर सगळे उपाशी. त्याच्या बापानं हेच बघितलं असणार उत्तनला. केंब्रिजला जायला कशाला पाहिजे?”

मास्तर विचारात पडले. “पण आता तर खलाशी पगारावर येतात ना, बाहेरगावचे? हंगामाचे पैसे आधी ठरवून?”

“हो, येतात.”

“मग भागीदारी कुठं राहिली?”

“मालकाला विचारा,” आंटी म्हणाल्या. “दोन घरं सोडून राहतो. माझा दीरच आहे तो. आणि त्याला सांगू नका मी विचारायला सांगितलं म्हणून, परवाच त्यानं मला अर्धा टोप कोळंबी दिली आहे.”